थाळीवरचं वलय आणि शरीरातली बुरशी : एन्झाइम्स नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रुग्णांच्या नमुन्यांतून कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचे आयसोलेट्स (नमुन्यांतून वेगळे काढून वाढवलेले वाण) जमवले. अंड्याच्या बलकाच्या अगारवर फॉस्फोलायपेज (मेद फोडणारं एन्झाइम) तपासलं, अल्ब्युमिनच्या अगारवर प्रोटिनेज (प्रथिनं फोडणारं); एन्झाइम बाहेर पडलं की वसाहतीभोवती वलय उमटतं. ज्यांचं वलय मोठं ते जास्त आजारी रुग्णांचे निघतील असं वाटलं होतं, पण तसा मेळ बसत नाही. मग बुरशी एन्झाइमांच्या जोरावर ताण सोसते आणि रूप बदलते (गोल यीस्टपासून लांब तंतू किंवा उलट) असं पुस्तकं म्हणतात, ते घडतं तरी कसं?

मेळ बसत नाही यात नवल नाही. तुम्ही मोजलंत ते खरंच आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वलयात दिसणारं नाही. प्रोटिनेज, फॉस्फोलायपेज, लायपेज ही बाहेर सोडली जाणारी पाचक एन्झाइम्स पुस्तकांत पहिल्या रांगेत असतात, कारण ती थाळीवर डोळ्यांना दिसतात. बुरशीचं शरीरात टिकणं ज्यांच्यावर अवलंबून असतं ती एन्झाइम्स बहुतांशी पेशीच्या आत किंवा पेशीभित्तिकेत असतात. कुणी निरोप पोचवतं, कुणी विष निष्प्रभ करतं, कुणी भित्तिकेची डागडुजी करतं. आणि माझं मत विचाराल तर ताण सोसणं आणि रूप बदलणं ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. रूप बदलणं हे ताणाला दिलेलं उत्तर आहे, आणि दोन्हीकडे बरेचदा तीच एन्झाइम्स राबतात.

आधी तुमच्या थाळीकडेच बघू. फॉस्फोलायपेजच्या नेहमीच्या माध्यमात साबुरो अगार, बलक, थोडं कॅल्शियम क्लोराइड आणि 1 मोलर मीठ असतं. हे मीठ किती जास्त आहे याचा विचार प्रकल्प लिहिताना सहसा कुणी करत नाही. रक्तातल्या सोडियमच्या सहा-सातपट. म्हणजे त्या थाळीवर वाढणारी प्रत्येक पेशी आधीच परासरणाच्या ताणाखाली आहे. तिच्यात हॉग-1 नावाचं कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून निरोप पुढे नेणारं एन्झाइम) जागं झालेलं आहे, आणि पाणी धरून ठेवण्यासाठी ती ग्लिसरॉल बनवण्यात गुंतली आहे. तुमचं पीझेड मूल्य, म्हणजे वसाहतीचा व्यास भागिले वलयासकट एकूण व्यास, हे फॉस्फोलायपेजचं माप आहेच, पण अशा ताणात वाढणाऱ्या पेशींवर घेतलेलं. एखादा आयसोलेट मिठात नीट वाढलाच नाही तर तो तुमच्या तक्त्यात कमी एन्झाइमवाला म्हणून जाऊन बसेल.

प्रोटिनेजचं त्याहून गमतीचं आहे. कॅन्डिडा अल्बिकन्सकडे बाहेर सोडायच्या अॅस्पार्टिल प्रोटिनेजची दहा जनुकं आहेत, सॅप-1 ते सॅप-10. पैकी सॅप-1 ते 3 यीस्टरूपाशी जोडलेली आणि आम्लधर्मी वातावरणात तेज असतात. सॅप-4 ते 6 तंतुरूपाशी जोडलेली असून त्यांना उदासीनतेच्या जवळचा पीएच मानवतो. अल्ब्युमिनचं माध्यम आपण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतो, कारण तिथेच वलय छान उमटतं. ते वलय मुख्यतः सॅप-2चं. रक्ताचा पीएच 7.4. तिथे, तंतुरूपात, दुसराच संच कामाला लागलेला असतो आणि तो तुमच्या थाळीवर हजरच नव्हता. सॅपबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. एचआयव्हीचं प्रोटिएजही याच अॅस्पार्टिक घराण्यातलं आहे, आणि सॅक्विनाविर, रिटोनाविर यांसारखी एचआयव्हीची औषधं प्रयोगशाळेत काही सॅप एन्झाइम्सनाही रोखतात असं 1990च्या दशकाच्या अखेरीस दिसून आलं. त्यावरून बऱ्याच आशा निर्माण झाल्या, पण औषध काही निघालं नाही. दहा जनुकांपैकी एक रोखलं की दुसरं पुढे येतं, आणि आपल्या पोटातलं पेप्सिन व मूत्रपिंडातलं रेनिनही त्याच घराण्यातली.

आता मुख्य गोष्ट, रूप बदलण्याची. अर्धा मिलिलिटर सीरम, त्यात वसाहतीला वायर लूपचा निसटता स्पर्श, 37 अंश, दोन ते तीन तास: ही जर्म ट्यूब चाचणी तुम्ही कितीतरी वेळा केली असेल. गोल पेशीतून नळी निघते आणि तिच्या बुडाशी आवळल्याची खूण नसते, हे आपण पाहतो. पेशी जास्त टाकल्या तर नळ्या कमी येतात, आणि तीन तासांच्या पुढे वाचन केलं तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसची आवळलेल्या बुडाची नळीही घाईत जर्म ट्यूब म्हणून मोजली जाते. त्या दोन तासांत आत काय चाललेलं असतं, ते मात्र फार थोडे विद्यार्थी विचारतात.

आत अॅडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम असतं. कॅन्डिडात त्याचं नाव सीवायआर-1. एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवणं एवढंच त्याचं काम. गावातली प्रत्येक बातमी आधी चावडीवर यावी, तसे बाहेरचे बहुतेक इशारे या एका रेणूवर येऊन टेकतात. रास-1 हे प्रथिन त्याला पोषणाची आणि तापमानाची खबर देतं. हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के असतो, शरीराच्या ऊतींत 5 टक्क्यांच्या आसपास. त्यापासून बनणारं बायकार्बोनेट या सायक्लेजला थेट चेतवतं. सीरममधले जिवाणूंच्या भित्तिकेचे बारीक तुकडेसुद्धा त्यालाच येऊन चिकटतात, आणि सीरमने नळी फुटण्यामागचं एक कारण ते आहे. सायक्लिक एएमपी वाढला की प्रोटीन कायनेज ए जागं होतं, ते ईएफजी-1 या नियंत्रकापर्यंत निरोप नेतं आणि तंतुरूपाच्या जनुकांचा आख्खा संच उघडतो. या वाटेला समांतर एमएपी कायनेजची दुसरी वाट आहे, ती सीपीएच-1पाशी संपते. 1997 साली दोन्ही वाटा एकदम बंद केलेला कॅन्डिडा तयार करण्यात आला. त्याला नेहमीच्या प्रयोगांत तंतू काढता येईनात आणि उंदरांना मारताही येईना. तेव्हापासून तंतू म्हणजे रोग हे समीकरण रूढ झालं.

ते समीकरण अर्धवट आहे. तंतुरूपासोबत जो जनुकसंच उघडतो त्यात केवळ लांब वाढायची सामग्री नसते. त्यात ईसीई-1 हे जनुक असतं. त्याचं प्रथिन तयार झालं की पेशीतलं केक्स-2 हे प्रोटिएज त्याचे आठ तुकडे करतं, मग केक्स-1 टोकाचं एक अमिनो आम्ल छाटतं, आणि उरतो 31 अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड: कॅन्डिडालायसिन. हा आपल्या पेशींच्या पटलाला भोकं पाडतो. 2016 साली तो उजेडात आला. हा पेप्टाइड नसलेली बुरशी तंतू काढते, तोंडाच्या अस्तराच्या पेशींत घुसतेही, पण इजा जवळपास करत नाही. म्हणजे घुसणं वेगळं आणि मारणं वेगळं. शिवाय तो तयार करणारी एन्झाइम्स तुमच्या एकाही थाळीवर वलय उमटवणार नाहीत.

त्याच संचात एसओडी-5 हे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज (सुपरऑक्साइड निकामी करणारं एन्झाइम) असतं, आणि माझ्या म्हणण्याला सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे. न्यूट्रोफिल पेशी बुरशीवर सुपरऑक्साइडचा मारा करतात. हा मारा किती मोलाचा आहे ते ज्यांच्यात हे करणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज जन्मतः निकामी असतं त्या मुलांकडे पाहिलं की कळतं; अॅस्परजिलस या बुरशीचा संसर्ग त्यांना वारंवार गाठतो. कॅन्डिडाकडे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज सहा आहेत. पहिली तीन पेशीच्या आत, तर चार, पाच आणि सहा क्रमांकाची बाहेरच्या पृष्ठभागावर. त्यांपैकी पाचवं तंतुरूपात मोठ्या प्रमाणात बनतं. रूप बदलण्याचा निर्णय झाला की ढालही त्याच हुकमाने बाहेर येते, ताण सुरू व्हायची वाटसुद्धा पाहावी लागत नाही.

डिस्म्युटेजने सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, तेही विषारीच. पुढचं काम कॅटलेजचं, जोडीला ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिनवर चालणारी एन्झाइम्स. वसाहतीवर पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा फेस हा त्याच कॅटलेजचा. आत धातूंची अदलाबदलही चालते. एसओडी-1ला तांबं लागतं. संसर्ग लांबला की मूत्रपिंडात बुरशीच्या वाट्याला येणारं तांबं कमी होतं. मग कॅन्डिडा एसओडी-1चं उत्पादन आवरतं आणि त्याच जागी, त्याच कामासाठी, मँगनीजवर चालणारं एसओडी-3 बनवायला लागतं. एन्झाइमचं काम तेच, धातू बदलला. मला स्वतःला ही गोष्ट तंतूंपेक्षा जास्त थक्क करते.

भक्षक पेशीने गिळल्यावर काय, हा तुमच्या प्रश्नाचा पुढचा भाग. मॅक्रोफेजच्या पोटात ग्लुकोज फारसं नसतं. तिथे बुरशी ग्लायऑक्सिलेट चक्राकडे वळते, त्यातलं कळीचं एन्झाइम आयसोसायट्रेट लायेज. त्यामुळे मेदाम्लांवर आणि अॅसिटेटवर गुजराण करून साखर घडवता येते. हे एन्झाइम काढलेला कॅन्डिडा उंदरांत बराच सौम्य होतो, असं 2001 साली दाखवलं गेलं. शिवाय ती अमिनो आम्लं आणि युरिया फोडते. कॅन्डिडाकडे युरिएज नाही, युरिया अॅमिडोलायेज आहे. शिकवताना या दोघांची हमखास गल्लत होते. त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. अमोनियाने पीएच वर जातो, कार्बन डायऑक्साइड सायक्लेजला चेतवतो, आणि गिळलेली बुरशी तंतू काढून पेशी फोडून बाहेर येते. चित्र सुबक आहे. मात्र 2018 सालच्या कामाने त्यात पाचर मारली: वाढत्या तंतूने कप्प्याचं पटल ताणून फाटतं, आम्ल गळून जातं आणि म्हणून पीएच चढतो, अमोनियाची भूमिका त्यात गौण आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण परीक्षेत दोन्ही लिहा.

तापमानाबद्दल थोडं. बहुतेक बुरशा आपल्याला काहीही करू शकत नाहीत, कारण 37 अंशांना त्या वाढतच नाहीत. 30 ते 40 अंशांच्या पट्ट्यात प्रत्येक अंशामागे साधारण 6 टक्के जाती बाद होत जातात. ज्या टिकतात त्यांच्या मदतीला एचएसपी-90 असतं. ते स्वतः एटीपी फोडणारं एन्झाइम आहे आणि इतर प्रथिनांची घडी मोडू न देणं हे त्याचं काम. कॅन्डिडात तेच एचएसपी-90 एरवी रास-1 आणि कायनेज ए यांच्या वाटेला लगाम घालून बसलेलं असतं. ताप चढला, बिघडलेली प्रथिनं वाढली, की त्याचं बळ तिकडे खर्च होतं, लगाम सुटतो आणि तंतू निघू लागतात. 2009 साली हे स्पष्ट झालं. औषधाने एचएसपी-90 रोखलं तर 30 अंशांनाही तंतू येतात. उष्णतेचा ताण आणि रूपबदल यांची गाठ इथे थेट एका रेणूत बसलेली दिसते.

कॅल्सिन्युरिनही असंच. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारं हे फॉस्फेटेज नसेल तर क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स (दुसरी एक रोगकारक बुरशी) 24 अंशांना मजेत वाढतो आणि 37ला मरतो. म्यूकरमध्ये ते रोखलं की बुरशी यीस्टरूपातच अडकते, तंतू काढता येत नाहीत. आणि हे रोखणारी औषधं, सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस, दवाखान्यात रोज वापरात आहेत. फक्त ती अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देतात, कारण आपल्या टी पेशीही त्याच एन्झाइमवर चालतात.

आतापर्यंत कॅन्डिडाचंच पुराण झालं. हिस्टोप्लाझ्मा या बुरशीत गाडी उलट्या दिशेने धावते: मातीत 25 अंशांना तंतू, शरीरात 37ला यीस्ट. म्हणून तंतू म्हणजे आक्रमक रूप हा नियम करून टाकू नका. तापमान वाढवलं की हिस्टोप्लाझ्माचा तंतू आधी गळाठतो: श्वसन मंदावतं, एटीपी घसरतो, पेशी काही काळ निपचित पडते. त्यातून उठायला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागतं, आणि त्यावर काम करणारं सिस्टीन डायऑक्सिजनेज यीस्टरूपात आढळतं. तापमानाचा निरोप आत नेणाऱ्यांत डीआरके-1 हे हिस्टिडीन कायनेज प्रमुख आहे. ते दाबलं तर यीस्ट होणंच थांबतं, हे ब्लास्टोमायसीस आणि हिस्टोप्लाझ्मा दोघांत 2006 साली दिसलं. विशेष म्हणजे मनुष्यप्राण्यात या घराण्याचं सेन्सर कायनेज नाही. यीस्ट झाल्यावर हिस्टोप्लाझ्मा भित्तिकेवर अल्फा ग्लुकन या साखरसाखळीचा थर चढवतो, म्हणजे आतलं बीटा ग्लुकन आपल्या पेशींच्या डेक्टिन-1 या बुरशी ओळखणाऱ्या प्रथिनाला दिसत नाही. तरीही कुठे बीटा ग्लुकनचं टोक उघडं राहिलंच, तर ईएनजी-1 नावाचं ग्लुकनेज ते कापून टाकतं. पाचक म्हणवणारं एन्झाइम इथे स्वतःच्याच भित्तिकेची छाटणी करतं.

जाता जाता: सिस्टीन डायऑक्सिजनेज नायट्यालाही उपयोगी पडतं. केराटिन घट्ट असतं ते गंधकाच्या बंधांमुळे. डर्माटोफाइट्स (नायट्याच्या बुरशा) सिस्टीनपासून सल्फाइट बनवून बाहेर सोडतात, त्याने ते बंध तुटतात, आणि त्यानंतरच प्रोटिएजना केराटिन पचवता येतं. जास्तीचं सिस्टीन बुरशीला विषारी असतं, त्यामुळे स्वतःवरचा ताण उतरवता उतरवता अन्नही मोकळं होतं.

क्रिप्टोकॉकसचं लॅकेज मात्र डोळ्यांनी पाहता येतं. कारळ्याच्या बियांच्या अगारवर त्याच्या वसाहती तपकिरी होतात, कारण बियांतल्या फिनॉलपासून लॅकेज मेलॅनिन बनवतं. ही थाळी 30 अंशांना ठेवावी आणि माध्यमात ग्लुकोज बेताचं असावं. ग्लुकोज मुबलक असलं की लॅकेज दबतं, आणि 37ला रंग फिका येतो. मेंदूत त्याला डोपामाइनसारखा कच्चा माल मिळतो. मेलॅनिन भित्तिकेत बसतं आणि ऑक्सिजनच्या मुक्त मूलकांपासून पेशीला वाचवतं. आणि पुन्हा तेच: मेलॅनिन आणि कॅप्सूल (पेशीभोवतीचं जाड आवरण), दोन्हींना सायक्लिक एएमपीचीच वाट चालवते. फुप्फुसात याच्या काही पेशी 5-7 मायक्रॉनवरून 10च्या पुढे, कधीकधी तर 100 मायक्रॉनपर्यंत फुगतात, त्यांना टायटन पेशी म्हणतात. त्या भक्षक पेशीला गिळताच येत नाहीत. हाही रूपबदलच, आणि तोही त्याच वाटेने होतो.

यातली कोणतीही युक्ती बुरशीने माणसासाठी शोधलेली नाही. क्रिप्टोकॉकस मातीतल्या अमीबांच्या तावडीतून ज्या साधनांनी सुटतो, तीच मॅक्रोफेजपुढे उपयोगी पडतात. म्हणून या एन्झाइमांना शस्त्रं म्हणणं मला खटकतं. शस्त्र म्हटलं की आपण ते कुणावर चालतं एवढंच शोधतो. बुरशीला ते कशासाठी लागतं हे विचारायचं राहून जातं.

अपवाद सांगायलाच हवेत. कॅन्डिडा ग्लॅब्राटा, ज्याला आता नॅकासिओमायसीस म्हणतात, शरीरात तंतू काढत नाही. तरीही रक्तातल्या कॅन्डिडा संसर्गाचं ते एक प्रमुख कारण आहे. त्याचं बळ सोसण्यात आहे. मॅक्रोफेजच्या आत ते शांतपणे टिकतं आणि वाढतं. कॅन्डिडा ऑरिसचंही तंतूंवाचून फारसं अडत नाही. अल्बिकन्समध्येसुद्धा 2003च्या एका प्रयोगात यीस्टरूपातच ठेवलेल्या पेशी उंदरांच्या अवयवांत पोचल्या, तिथे राहिल्या, पण उंदीर मेले नाहीत. नंतर तंतू काढू दिल्यावर मेले. पसरायला यीस्ट पुरतं, मारायला रूपबदल लागतो, असा त्याचा अर्थ. पण तो त्या जातीपुरता.

मग यावर औषधं का नाहीत? एन्झाइम रोखणारी औषधं आहेत आणि भरपूर वापरली जातात. टर्बिनाफिन स्क्वालीन एपॉक्सिडेजला रोखतं, अॅझोल लॅनोस्टेरॉल डिमिथायलेजला, कॅस्पोफंजिन ग्लुकन सिंथेजला. ती सगळी पटल आणि भित्तिका बांधणारी एन्झाइम्स. रूपबदल रोखणारं औषध नाही, याला माझ्या मते दोन कारणं आहेत. सायक्लेज, कायनेज ए, एचएसपी-90, कॅल्सिन्युरिन ही सगळी आपल्याकडेही आहेत. आणि आपण औषध शोधतो एमआयसीने, म्हणजे वाढ थांबली का एवढंच बघून. ज्या रेणूने बुरशी वाढते पण तंतू काढत नाही, तो या चाळणीत पहिल्याच दिवशी बाद होतो. माझा भरवसा आपल्याकडे नसलेल्या एन्झाइमांवर जास्त आहे. ट्रेहॅलोज ही साखर बुरशी उष्णतेत प्रथिनं वाचवायला बनवते. टीपीएस-1 हे ती बनवणारं एन्झाइम नसेल तर क्रिप्टोकॉकस 37 अंशांना तग धरत नाही. माणसाकडे ट्रेहॅलोज फोडणारं एन्झाइम आहे, बनवणारं नाही.

तुमच्या प्रकल्पाचं म्हणाल तर आकडे फेकून देऊ नका, त्यांना सोबत द्या. प्रत्येक आयसोलेट बलकाच्या थाळीसोबत बिनबलकाच्या, तेवढ्याच मिठाच्या थाळीवरही लावा, म्हणजे मिठाने वाढ किती खुंटली ते वेगळं काढता येईल. प्रोटिनेज आम्लधर्मी माध्यमासोबत पीएच 7च्या जवळही बघा. वलय क्षीण येईल, पण नोंद ठेवा. सीरममध्ये दोन तासांनी नळी किती टक्के पेशींना आली ते मोजा, केवळ आली-नाही आली लिहू नका. पेरॉक्साइडमध्ये तासभर ठेवून किती पेशी जगल्या ते वसाहती मोजून काढा, आणि तीच चाचणी आधी नळी काढायला लावलेल्या पेशींवरही करा. मात्र तंतूंचे गुंते होतात, तिथे वसाहती मोजून भागत नाही, जिवंतपणा दाखवणारा रंग वापरावा लागेल. आणि रुग्णांच्या आजाराच्या तीव्रतेशी ताडून पाहण्याआधी त्यांची वर्गवारी करा: कुणाला कॅथेटर होतं, कुणाच्या न्यूट्रोफिल पेशी उतरलेल्या होत्या, कुणाला स्टेरॉइड चालू होतं. न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णात एसओडी-5 कमी असलेला आयसोलेटही सहज बळावतो, आणि तुमच्या तक्त्यात मेळ न बसण्याचं निम्मं कारण तिथेच सापडण्याची शक्यता आहे.